गाणाऱ्याची चूल

(कलापथकाच्या शिबिरात आम्ही जे बोललो ते इथं लिहून काढलं आहे. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, तिथं हे वाचून दाखवावं.)



काल रात्री आधी गाणी झाली आणि मग भांडण झालं. त्या भांडणावरच बोलायचं आहे. आपल्या दोन पोरांनी शहरात जाऊन कॅसेट भरली. चाल आपल्या तारप्याच्या नाचाची, गाणं प्लॉटच्या लढ्याचं. कॅसेट बाजारात आली तेव्हा त्यात गार्ड नाही, पंचनामा नाही, दंडाची पावती नाही. सगळं काढून तिथं पोरगी आणि गजरा घातलेला. वर पोरांचं नावसुद्धा नाही. दोघांच्या हातावर मिळून दीडशे रुपये टेकवले. काल काही जण म्हणाले, ह्यांनी गाणं विकलं, ह्यांना कलापथकातून काढा.

आम्ही म्हणतो, काढण्याआधी हिशोब करू. दोन वर्षं ही पोरं प्रत्येक मोर्चात गायली. कचेरीपुढं धरणं झालं तेव्हा रात्रभर गायली, म्हणून लोक उठून गेले नाहीत. सकाळी आपण त्यांना टाळ्या दिल्या, चहा दिला. तांदूळ कोणी दिले? आवणीच्या वेळी त्यांचं खाचर पडून राहिलं, तेव्हा कोण गेलं? आम्हीपण गेलो नाही. मग पोटासाठी ती दुसऱ्या दारात गेली.

गाणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न आपल्यालाच पडलेला नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. तो फार लांबचा, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाचा. देश दोरीसारखा लांब, एका अंगाला समुद्र, एका अंगाला डोंगर. माणसाचं नाव व्हिक्टर हारा. जन्म 1932 चा. बाप जमीनदाराच्या शेतावर नांगर धरायचा. झोपडी जमीनदाराची, तुकडाभर जमीन जमीनदाराची, बदल्यात साऱ्या घरानं राबायचं. लग्नगडी ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. आई अमांडा लग्नात गायची, आणि कोणाचं पोर गेलं की त्या घरी रात्रभर बसून गायची. आपली धवलेरी लग्न लावते तशीच ती, गावाला लागणारी बाई. व्हिक्टरचं पहिलं शिक्षण हेच.

पुढं घर शहरात आलं. आईनं बाजारात खाण्याचं दुकान टाकलं. ती लवकर गेली. पोरगा आधी पाद्री व्हायला गेला, ते सोडलं, मग काही काळ फौजेत, आणि शेवटी नाटकाच्या शाळेत. इथं नीट ऐका. गाण्यानं त्याचं पोट भरत नव्हतं. पोट नाटकावर चालायचं, तो नाटकं बसवायचा. गाणी तो खेड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांकडून शिकला. व्हियोलेता पारा नावाच्या बाईनं त्याला बळ दिलं. ही बाई स्वतः वही घेऊन गावोगाव गाणी गोळा करत हिंडलेली. तिनं पुढं शहराच्या कडेला गाण्याचा मोठा तंबू ठोकला. लोक फारसे आले नाहीत. 1967 साली तिनं जीव दिला. तिची गाणी आज कितीतरी देशांत म्हणतात, पण तंबूत माणसं कमी होती हेही आपण लक्षात ठेवावं.

मोठ्या कंपन्यांना अशी गाणी नको होती. तेव्हा तिथल्या डाव्या तरुणांनी 1968 साली स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. पुढं व्हिक्टर एका विद्यापीठात पगारावर लागला, काम गाण्याचंच. म्हंजे एकट्याच्या जोरावर तो गायक झाला नाही. कोणीतरी त्याची चूल धरली होती.

आता जमिनीचं. 1969 च्या मार्चमधे पुएर्तो मॉन्त ह्या गावी बेघर लोकांनी पडीक जागेवर झोपड्या घातल्या. पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या. माणसं मेली, त्यात तान्हं पोरही. व्हिक्टरनं गाणं केलं आणि त्यात मंत्र्याचं नाव घेतलं. नाव घेतलं, म्हणून ते गाणं झोंबलं. आपल्या कॅसेटमधून गार्ड का काढला, ते ह्यावरून समजून घ्या.

राजधानीजवळ अशीच एक वस्ती होती. जागा घेताना तिथं एक तान्ही मुलगी मेली, एर्मिंदा. लोकांनी वस्तीला तिचंच नाव दिलं. व्हिक्टर तिथं जाऊन लोकांत बसला, रात्री जागा कशी धरली ते विचारलं, टेप केलं. 1972 साली त्याची रेकॉर्ड निघाली, त्यात गाण्यांच्या मधे वस्तीतल्या लोकांचं बोलणं जसंच्या तसं आहे. नुसतं गाणं न्यायचं आणि माणूस मागं ठेवायचा, असं त्यानं केलं नाही.

11 सप्टेंबर 1973 ला लष्करानं सत्ता घेतली. व्हिक्टरला विद्यापीठातून धरून नेलं, स्टेडियममधे कोंडलं, मारलं, आणि काही दिवसांत गोळ्या घालून टाकला. बायकोनं गाण्यांच्या टेप घेऊन देश सोडला, म्हणून ती वाचली. त्याचं एक काम राहून गेलं. 1934 साली रांकिल भागात डोंगरातले शेतकरी आणि तिथले मूळ लोक, मापुचे, जमिनीवरून हुसकावणाऱ्यांशी लढले होते. ती हकिगत आठवणाऱ्या म्हाताऱ्यांकडून ऐकून त्याला गाणी करायची होती.

हे राहून गेलेलं काम आम्हाला फार लागलं. 1945 साली तलासरी-डहाणूच्या बाजूला वेठीविरुद्ध वारली उठला, ते पाहिलेली माणसं आज पिकली आहेत. आपल्याकडं 78 च्या आधीपासून प्लॉट कोण कसतं, हे कागदावर नाही पण म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. कोणत्या साली कोणाची झोपडी जाळली, दंड किती, कोंबडी कोणी नेली. त्याची गाणी झाली पाहिजेत. नावांसकट.

म्हणून काल भांडणानंतर बसून जे ठरलं ते सांगतो. पोरांना काढायचं नाही. जो कोणी कलापथकात गाईल त्याला प्रत्येक पाड्यानं सुगीत एक पायली भात द्यायचा. गाणारा मोर्चात असेल तर त्याच्या खाचरात आवणीला दोन माणसं जायची, आणि हे गावबैठकीत वहीत लिहून ठेवायचं, तोंडी नको. कॅसेट भरायची तर आधी ते गाणं पाड्यावर म्हणून दाखवायचं. नाव, गाव आणि शब्द बदलणार नाही असं लिहून मिळालं तरच जायचं. पैसे घ्यायला कोणाची हरकत नाही, कष्ट आहेत ते. काही जणांना हे अजून पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलू.

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी खालच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या धवलेरीकडं जायचं आहे. तिला ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की आहे. ती दोन्ही पोरं येणार आहेत. दीडशे रुपयांत घरचे पैसे घालून त्यांनी जुना टेपरेकॉर्डर घेतला आहे. त्याला चार सेल लागतात, ते आपण आणायचे.

जिंदाबाद!