व्हॉल्व्हची वेळ, ऑईलच्या हाती



२०१० साली विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी मंगेश पाडगावकर होते. अध्यक्षाने कसे बोलावे याची इथल्या मराठी माणसाची अपेक्षा तेव्हापासून उंचावलेली आहे. ती माझ्याकडून पुरी होणार नाही. मी इंजिनाचा माणूस. एकाच विषयावर बोलणार आहे, आणि त्याच विषयाची एखादी गाडी आत्ता तुमच्यापैकी अनेकांच्या लिफ्टवर चढवलेली असेल. विषय आहे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, आपल्या भाषेत व्हीव्हीटी.

माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. ही यंत्रणा आपण इलेक्ट्रॉनिक्समध्ये जमा केली आहे. स्कॅनर लावतो, कोड वाचतो, पार्ट मागवतो. बहुतेक गाड्यांत ती चालते मात्र ऑईलच्या दाबावर, आणि ऑईलची काडी ओढून बघायचे तेवढे राहून जाते.

कोणी सीओईपीत शिकले, कोणी व्हीजेटीआयत, कोणी सांगलीच्या वालचंदमध्ये, कोणी तालुक्याच्या आयटीआयत. व्हॉल्व्ह टायमिंगची ती गोल आकृती कंपास घेऊन प्रत्येकाने काढलेली आहे. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचण्याआधीच थोडा उघडतो आणि पिस्टन खाली जाऊन परत फिरल्यावर बंद होतो. हे अंश परीक्षेपुरते पाठ केले. ते तेवढेच का, हे फारसे कोणी विचारले नाही.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० वेळा फिरतो. कॅमशाफ्टचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. पिस्टनच्या एका स्ट्रोकला मिळतात ५ मिलिसेकंद. हवेलाही वजन असते. एकदा वेगाने आत निघालेली हवा पिस्टन थांबला म्हणून थांबत नाही. दादरला लोकल भरली असे वाटते, आणि मागच्या रेट्याने आणखी चार जण आत येतातच, तसे हे आहे. म्हणून वरच्या वेगाला इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद करावा. जास्त हवा भरते. पण हेच इंजिन सिग्नलला ७०० फेऱ्यांवर उभे असेल तर मागून रेटा नसतो. व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा राहिला तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो, आणि पिकअप मरतो. ओव्हरलॅपचेही तसेच. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असण्याचा काळ जास्त ठेवला तर वेगात फायदा होतो, पण आयडलिंगला जळका वायू ताज्या हवेत मिसळून इंजिन थरथरते.

एकदा घासून बसवलेल्या कॅमने हे दोन्ही साधत नाही. म्हणून मधला मार्ग निघायचा. टॅक्सीचे इंजिन खालच्या वेगाला बरे, रेसचे वरच्या, आणि घरच्या गाडीचे कुठेच पुरेसे नाही.

ही तडजोड विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा मोडली ती अल्फा रोमिओने. १९८० साली, अमेरिकेत जाणाऱ्या स्पायडरमध्ये. १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक आणले. त्यात कॅमची वेगळ्या आकाराची दुसरी लोबच कामाला लागते, आणि १६०० सीसीच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली. बीएमडब्ल्यूचे व्हॅनोस १९९२ चे. टोयोटाचे व्हीव्हीटी-आय १९९५ चे, आणि आपल्या लिफ्टवर चढणाऱ्या गाड्यांत बहुतेक याच घराण्याची रचना असते. नावे कंपनीगणिक वेगळी आहेत, त्यात अडकायचे कारण नाही.

या रचनेत टायमिंग चेन ज्या चाकावर येते त्याच्या पोटात पाती असलेला एक रोटर असतो. चाक चेनला बांधलेले, रोटर कॅमशाफ्टला. पात्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे कप्पे. एका बाजूला ऑईल सोडले की रोटर पुढे सरकतो आणि व्हॉल्व्ह लवकर उघडतात. दुसऱ्या बाजूला सोडले की उशिरा. कुठल्या बाजूला किती, हे ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला हुकूम देतो आणि कॅम सेन्सरकडून खात्री करून घेतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, म्हणून एक लॉक पिन रोटरला जागेवर धरून ठेवते. हुकूम विजेचा, पण कष्ट ऑईलचे. आपण ज्याला आजवर घर्षण कमी करणारा द्रव म्हणत होतो, तो या इंजिनात कामगार झाला आहे.

आता या देशात या. ऑगस्टमध्ये पारा पन्नाशीला टेकतो. २० अंशांच्या हवेच्या तुलनेत ५० अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी. एसी बंद करायची सोय नाही. संध्याकाळी अल इत्तिहाद रोडवर दुबईहून शारजाकडे निघालेली गाडी तासभर चालते आणि किलोमीटर मात्र चार-दोनच सरकतात. इंजिन तापलेले, ऑईल पातळ झालेले, फेरे कमी म्हणून पंपाचा दाबही कमी. व्हीव्हीटीला ऑईलची ताकद सगळ्यात कमी मिळते ती नेमकी इथे. आणि मालक सर्व्हिसचा हिशेब किलोमीटरवर करतो, ऑईल जळते तासांवर. त्याचा काळा चिकट गाळ सगळ्यात अरुंद वाटेत साठतो.

ती अरुंद वाट म्हणजे ऑईल कंट्रोल व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या ऑईलची जाळी. एकदा हातात घेऊन बघा. एक व्ही-सिक्स एसयूव्ही आली होती, चेक इंजिन लाईट लागलेला, कोड पी-००११. आधीच्या ठिकाणी सेन्सर बदललेला, ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह बदललेला. जाळीचा बोल्ट कोणी उघडलाच नव्हता. बोटाच्या पेराएवढी ती जाळी. दिव्यासमोर धरली तर आरपार काही दिसेना. पी-००११ म्हणजे काय? इनलेट कॅम हुकमापेक्षा पुढे आहे, इतकेच. कोणता पार्ट बिघडला हे कोड सांगत नाही. जाळी धुतली, ऑईल बदलले, कोड गेला. सकाळी स्टार्ट करताना सेकंदभर होणारा खडखडाट मात्र राहिला, कारण तोवर लॉक पिनची जागा घासली गेली होती. तो खर्च मालकाला करावाच लागला.

सुटे पार्ट मागवण्याआधीची एक तपासणी तर फुकटात होते. आयडलिंगवर स्कॅनरमधून ऑईल कंट्रोल व्हॉल्व्हला पूर्ण हुकूम द्या. इंजिन अडखळले किंवा बंद पडले तर आनंद माना: ऑईल पोचते आहे, रोटर सरकतो आहे. काहीच फरक पडला नाही तर वायर, व्हॉल्व्ह, जाळी, दाब या क्रमाने शोधत जा. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.

जाड ऑईलचा आग्रह हा इथला जुना आजार. ‘ऊन बघा किती, २०डब्ल्यू-५० घाला,’ असे उस्ताद सांगतो आणि मालकाला पटते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे, नंतरचा १०० अंश तापमानाचा. ०डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ही गरम इंजिनात एकाच वर्गातली, तेव्हा शून्य पाहून ‘हे थंड देशाचे ऑईल’ म्हणू नये. इंजिनाचे पाणी थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर नाशिकची जानेवारी असो की फुजैराचा ऑगस्ट, वाहत्या रस्त्यावर इंजिनाला फार मोठा फरक कळत नाही. गर्दीत आणि बदायरच्या वाळूत कळतो, हे मान्य. म्हणून कंपनीचे मॅन्युअल उघडा, त्यात उष्ण प्रदेशासाठी काय चालते ते लिहिलेले असते. फक्त अमेरिकेतून आलेल्या गाडीचे मॅन्युअल अमेरिकेचे असते, आणि शारजाच्या बाजारात अशा गाड्या कमी नाहीत.

व्हॉल्व्हची वेळ इंधनही वाचवते. ऑगस्ट २०१५ पासून इथे पेट्रोलचे भाव दर महिन्याला ठरतात. तोवर गाडी किती देते हा प्रश्न फक्त आपल्या पुणेकरांना पडायचा. आता सगळ्यांना पडतो, आणि दुबईच्या टॅक्सी हायब्रिड होत गेल्या. त्या टॅक्सींतल्या टोयोटा कॅमरी हायब्रिडच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह मुद्दाम फार उशिरा बंद करतात. थोडी हवा परत गेली तरी चालते. दाबायचा प्रवास छोटा आणि ढकलायचा लांब, त्यामुळे जळणातून जास्त काम निघते. जेम्स अ‍ॅटकिन्सनने १८८२ मध्ये हे दांड्यांच्या गुंतागुंतीच्या जोडणीने साधले होते, आज ते व्हॉल्व्हची वेळ सरकवून साधते. पिकअपची उणीव मोटर भरून काढते. नव्या कॅमरी हायब्रिडमध्ये इनलेट कॅम सरकवणारीही विजेची मोटरच आहे, ऑईल नाही. तेव्हा माझी वरची सगळी शिकवणी त्या गाडीच्या इनलेटला लागू नाही, हे ध्यानात ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत तर व्हॉल्व्हच नसतात. पण तिची चिंता करण्याआधी रस्त्यावरच्या या गाड्या अजून बरीच वर्षे आपल्याकडेच येणार आहेत.

अध्यक्ष म्हणून एकच मागणी मांडतो. व्हीव्हीटीचा कोड घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद आपण सगळ्यांनी एका नमुन्यात ठेवावी: किलोमीटर, शक्य असेल तिथे इंजिनाचे तास, आत सापडलेले ऑईल, जाळीचा फोटो, आधी बदललेले पार्ट, आणि शेवटी दोष कुठे निघाला. मराठीत लिहा, रोमन लिपीत लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा. नोंदवह्यांचे कोरे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, जेवणाआधी घेऊन जा.