रंगाआधी कडेकडे बघा

एमडीएफच्या कपाटाला रंग लागला की बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते: दार गुळगुळीत झालं, पण कडा खरखरीत आणि फिक्या राहिल्या. दोष रंगाच्या डब्यावर जातो. खरं कारण बोर्डाच्या घडणीत आहे. लाकडाचे तंतू आणि यूरिया फॉर्माल्डिहाइडचा राळेसारखा चिकट पदार्थ तापलेल्या प्लेटांमध्ये दाबून हा बोर्ड करतात. प्लेटांना लागून असलेला थर आधी तापतो, घट्ट दबतो. मधला गाभा तुलनेनं सैल राहतो. घनमीटरला 700 ते 800 किलो ही घनता सरासरी झाली. करवत फिरली की नेमका तो सैल गाभा उघडा पडतो, आणि तंतूंची तोंडं रंग पिऊन टाकतात.

मग चार हात जास्त मारले तर? हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो महागात पडतो. पाण्यातला प्राइमर थेट कडेवर लावला, तर तंतू फुगून उभे राहतात आणि पुढचा प्रत्येक हात तो खरखरीतपणाच झाकत बसतो. म्हणून आधी कड 180 आणि मग 240 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासावी, धूळ पुसावी, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख किंवा पाण्याचा नसलेला सँडिंग सीलर द्यावा. यांत पाणी नसल्यानं तंतू फारसे फुगत नाहीत. वाळल्यावर हलका हात फिरवून दुसरा हात द्यावा. खड्डे राहिलेच तर बारीक लांबी भरावी. प्राइमर त्यानंतर. फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावणारेही आहेत. स्वस्त आहे, चालतंही. पण त्यात पाणी आलंच, तेव्हा वाळल्यावर घासणं चुकत नाही.

कोणी म्हणेल, पीव्हीसीची पट्टी चिकटवली की काम झालं. सरळ कडेला हे अगदी खरं, तिथं सीलरचा हट्ट धरू नये. राउटरनं गोलाई किंवा नक्षी काढलेल्या कडेवर मात्र ती पट्टी बसत नाही. शिवाय खरा घात दिसणाऱ्या कडेवर होतच नाही. सिंकखालच्या दाराची खालची कड कोणी बघत नाही, रंगारीही नाही; फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. तेव्हा त्या कडेवर आणि बिजागरीसाठी पाडलेल्या 35 मिलिमीटरच्या खळग्यातही, बिजागरी बसवण्याआधी, सीलरचा ब्रश फिरवून घ्या.