पाठराखण करणारे यंत्र
हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता



एखाद्याच्या मागून जाण्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक पाठलाग आणि दुसरा पाठराखण. नववधू प्रथम सासरी निघाली म्हणजे तिच्यासोबत पाठराखीण जात असे. ती वधूच्या पुढे धावत नसे, पावलात घोटाळत नसे, आणि काम संपले की आपल्या घरी परतत असे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांनी हा शब्द कदाचित आजीच्याच तोंडून ऐकला असेल. पाठलागातही वाट तीच आणि अंतरही तेवढेच असू शकते. फरक पडतो तो मागून येणाऱ्याच्या विवेकाने.

माणसाच्या मागून आपोआप उडत येणारा ड्रोन हे आजच्या व्याख्यानाचे निमित्त आहे. नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असे यंत्र बनवायचे म्हणते, तेव्हा आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे मुलांच्या आवाक्यातले आहे का? आणि यात धोका आहे का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर कामाच्या क्रमावर अवलंबून आहे.

या यंत्राला तीन कामे करावी लागतात : हवेत स्थिर राहणे, माणूस कोठे आहे हे ओळखणे आणि त्यावरून पुढची हालचाल ठरवणे.

स्थिर राहण्याचे काम फ्लाइट कंट्रोलर नावाची लहानशी पट्टी करते. ड्रोन किती कलला आहे हे ती सेकंदाला शेकडो वेळा तपासते आणि चारही मोटरींची गती कमीजास्त करते. यामागचे तत्त्व शंभर वर्षांहून जुने आहे. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचे गणित मांडले, ते अनुभवी सुकाणूधरांचे निरीक्षण करून. कुशल सुकाणूधर जहाज किती ढळले एवढेच पाहत नाही. ते किती वेळ ढळलेले आहे आणि किती वेगाने ढळत आहे, हेही तो जाणतो. आजचे बहुतेक ड्रोन याच तीन प्रश्नांच्या आधारे हवेत तोल सांभाळतात. नवशिक्याने हा भाग स्वतः लिहू नये. आर्डूपायलट आणि पीएक्स-४ या दोन प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत आणि जगभरातील असंख्य उड्डाणांतून त्या तावूनसुलाखून निघाल्या आहेत.

दुसरे काम माणूस ओळखण्याचे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात माणसाच्या खिशातला फोन आपले उपग्रहाधारित स्थान सतत ड्रोनला कळवतो. मार्ग सोपा आहे, पण उघड्या आकाशाखालीही फोनच्या स्थानात पाच-एक मीटरची चूक सहज असते. ड्रोनच्या स्वतःच्या स्थानातही चूक असतेच आणि उंचीच्या मोजणीत ती आणखी वाढते. म्हणून या पद्धतीत दहा मीटरहून जवळ येण्याचा हट्ट धरणे म्हणजे चुकीलाच आमंत्रण देणे होय.

दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. ड्रोनवर रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक बसवतात आणि तो प्रत्येक चित्रात माणसाभोवती एक चौकट आखतो. समजा, चित्र ६४० बिंदू रुंद आहे. त्याचा मध्य ३२० वर येतो. माणूस ४०० वर दिसला, तर तो ८० बिंदू उजवीकडे आहे. कॅमेऱ्याची दृष्टी ६० अंशांची असेल, तर ड्रोनने सुमारे ८ अंश उजवीकडे वळावे. पाच मीटरवर माणसाची चौकट २०० बिंदू उंच दिसत असेल, तर दहा मीटरवर ती १०० बिंदूंची दिसेल. चौकट लहान झाली की पुढे सरकावे, मोठी झाली की मागे हटावे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या समरूप त्रिकोणांवर हे सारे उभे आहे. ‘हे गणित कुठे उपयोगी पडते?’ असे फळ्याकडे पाहत विचारणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना दिलेले हे एक उत्तर आहे.

तिसरे काम निर्णयाचे, आणि खरी परीक्षा येथेच आहे. चित्र घेणे, माणूस ओळखणे आणि आज्ञा पाठवणे यांत पाव सेकंद गेला, तर सेकंदाला चार मीटर धावणारे मूल तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेले असते. ड्रोन नेहमी किंचित भूतकाळ पाहत असतो. मध्येच झाड येते, ऊन कॅमेऱ्यात शिरते, त्याच रंगाचा सदरा घातलेला दुसरा मुलगा आडवा जातो. अशा क्षणी यंत्राने काय करावे?

या प्रश्नाला बगल देणे किती महाग पडते याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. हवेत भिरकावला की मालकाच्या मागे उडू लागणारा ‘लिली’ नावाचा ड्रोन २०१५ मध्ये जाहीर झाला. त्याची चित्रफीत मोहक होती. सुमारे साठ हजार ग्राहकांनी आगाऊ मागणी नोंदवली आणि त्या मागणीची रक्कम ३ कोटी ४० लाख डॉलरवर गेली. जानेवारी २०१७ मध्ये ग्राहकांच्या हाती ड्रोन न देताच कंपनीने काम थांबवले. २०१८ मध्ये स्कायडिओ या कंपनीचा पहिला ड्रोन आला. झाडांमधून वाट काढत तो माणसामागे जात असे, पण त्यासाठी त्यावर १३ कॅमेरे बसवावे लागले होते. माणूस शोधण्यास एक कॅमेरा पुरतो. बाकीचे होते ते कशावर आदळू नये म्हणून.

एकच कॅमेरा असलेल्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. यंत्राला मागे जायला शिकवण्याआधी थांबायला शिकवावे. अर्धा सेकंद माणूस दिसला नाही, तर ड्रोनने जागीच स्थिरावे. काही सेकंद दिसलाच नाही, तर सावकाश उतरावे. रिमोटशी संपर्क तुटला किंवा बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली, तर काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवावे. अंदाजाने पुढे जाण्याची मुभा त्याला कधीच देऊ नये.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. पहिले काही आठवडे ड्रोन विकतही घेऊ नये. दोन्ही प्रणालींबरोबर सिम्युलेटर मिळतो. संगणकाच्या पडद्यावर ड्रोन शंभरदा आपटला तरी कोणाला ओरखडाही येत नाही. त्यानंतर कॅमेरा आणि छोटा संगणक हातात धरून मैदानात फिरावे. माणूस डावीकडे गेला तर पडद्यावर ‘डावीकडे’ असेच उमटते का, हे पाहावे. मग जोडणी, तीही प्रोपेलर न लावता. टेबलावरील प्रत्येक चाचणीत प्रोपेलर काढलेलेच असावेत, हा नियम कोणासाठीही शिथिल करू नये. लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्ज होत असताना जवळ कोणीतरी थांबावे, आणि फुगलेली किंवा टोचलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. त्यापुढे रिमोटने हाताने उडवण्याचा भरपूर सराव. सर्वांत शेवटी मागून जाण्याची चाचणी, आणि तेव्हाही दुसरी एक व्यक्ती रिमोट घेऊन उभी असावी. एका खटक्यासरशी यंत्राचा ताबा माणसाकडे आला पाहिजे.

कायद्याची चौकटही मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत आकाशाची लाल, पिवळी आणि हिरवी अशी क्षेत्रे केली आहेत. त्यांचा नकाशा ‘डिजिटल स्काय’वर पाहता येतो. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधन आणि चाचणीसाठी हिरव्या क्षेत्रात, स्वतःच्या आवारात, ड्रोन उडवण्यास नोंदणी क्रमांक किंवा पूर्वपरवानगी लागत नाही. म्हणजे या कामाची योग्य जागा घराची गच्ची नसून शाळेचे मैदान आहे, शिक्षकांच्या नजरेखाली. शाळा विमानतळाजवळ असेल, तर मात्र नकाशा पाहिल्याखेरीज पाऊल उचलू नये.

आणखी एक मर्यादा कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. मागून येणारे यंत्र पाहतही असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. ज्याच्या मागे ड्रोन जाणार, त्याने आधी होकार दिलेला असावा. मैदानाशेजारच्या घरांच्या खिडक्या चित्रात येऊ नयेत. चाचणीची चित्रे काम संपताच पुसून टाकावीत. हे संस्कार प्रयोगशाळेच्या वहीतच लिहिले जावेत, कारण पुढे मोठ्या यंत्रांवर काम करताना तीच वही आठवते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज यंत्रे आणि संगणक यांच्याच क्षेत्रात आहेत. त्यांनी शाळेला महागडा तयार ड्रोन भेट देण्यापेक्षा वर्षातून चार शनिवार द्यावेत. पालकांनी मुलाला ‘कधी उडणार?’ असे विचारण्याऐवजी ‘दिसेनासे झाले तर ते काय करते?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मुलाने करून दाखवले, तर ते यंत्र उडण्यास योग्य झाले असे समजावे.

शाळेनेही साठ वर्षे हेच केले आहे. मुलांच्या मागे ती उभी राहिली, हाकेच्या अंतरावर राहिली आणि वेळ येताच थांबली, मुलांना पुढे जाऊ दिले. तिच्या मैदानावरून उडणाऱ्या यंत्रालाही तिची मुले तेवढेच शिकवोत.