अस्तंब्याची वाट



शाळेत असताना दिवाळीत मुलं अस्तंब्याच्या यात्रेला जायची. जखमेसाठी तेल मागणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी आम्ही मुली नुसत्या ऐकायचो. गेल्या वर्षी मी ते १३२५ मीटरचं शिखर चढले. सातपुड्याची धार संपता संपेना. एक टेकडी ओलांडली की पुढे दुसरी उभी. वीस वर्षं संगणकासमोर बसलेले गुडघे कुरकुरू लागले. दहावीत "थांब ना, एवढं गणित समजव" म्हणणारी मैत्रीण आता प्रत्येक चढावर माझ्यासाठी थांबत होती. तेव्हा मी थांबले नव्हते. पहिल्या नंबराची घाई होती. माथ्यावर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी पाणी पी."

आज ती इथंच बसली आहे.