मुलाखतीला जाताना इज्जत घरी ठेवू नका

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



नोकरीच्या मुलाखतीविषयी मुलांना चार शब्द सांगा, अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली म्हणून मी येथे उभा आहे. माझी सारी नोकरी एका कारखान्याच्या कार्मिक विभागात गेली. पहिली काही वर्षे मी टेबलाच्या अलीकडे बसलो आणि पुढची पुष्कळ वर्षे पलीकडे. कपडे कोणते घालावेत, नमस्कार कसा करावा, उत्तर किती लांब द्यावे, हे तुमचे शिक्षक तुम्हाला सांगतातच. मी आज त्यापेक्षा वेगळा प्रश्न घेतला आहे. आपण अदबीने गेलो, पण मुलाखत घेणारा माणूसच अदब सोडून वागला, तर काय करावे?

माझ्यापासूनच सुरुवात करतो. 1978 साली मी बी. कॉम. झालो. गावाहून रात्रीच्या एसटीने मुंबईला आलो, जमातीच्या खोलीवर आंघोळ केली आणि सकाळी दहाला सांगितलेल्या कचेरीत पावणेदहाला हजर झालो. मला आत बोलावले दुपारी अडीच वाजता. साहेबांनी अर्जावरचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे वा, मराठी तर छान बोलता की तुम्ही!" मी म्हणालो, "साहेब, मी रत्नागिरी जिल्ह्यातला. घरी हीच भाषा." त्यावर शेजारचे गृहस्थ हसत म्हणाले, "पण तुम्ही लोक कुवेतला जाता ना? इथे कशाला जागा अडवता?" जमाखर्चाचा एकही प्रश्न विचारला गेला नाही. तीन-चार मिनिटांत मी बाहेर आलो.

त्यांनी मला शिवी दिली नाही, हात धरून बाहेर काढले नाही. तरीसुद्धा परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. पुढे पाच महिने मी कोठेही अर्ज केला नाही. घरी विचारले की सांगायचो, जाहिरातच आली नाही. शेवटी एके दिवशी अब्बांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "त्या माणसाने तुला एका नोकरीला नाही म्हटले. बाकीच्या सगळ्या नोकऱ्यांना तू स्वतःच नाही म्हणतोयस."

मित्रांनो, उद्धटपणाचे खरे नुकसान त्या खोलीत होत नाही. ते नंतर घरी होते. एक जागा गेली तर दुसरी मिळते. पण मुलाने अर्ज करणेच सोडले, तर त्याला कोण काय देणार?

आता कोणी म्हणेल, हे जुन्या काळचे झाले. तसे म्हणता येत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले. फरक होता तो फक्त नावांचा. काही नावे सवर्ण हिंदू, काही दलित आणि काही मुस्लिम होती. सवर्ण नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश एवढीच आढळली. म्हणजे मुलाखतीच्या आधीच एक चाळण लागलेली असते. मी हे तुम्हाला निराश करण्यासाठी सांगत नाही. ज्याच्या हाती मुलाखतीचे पत्र पडले, त्याने ती चाळण ओलांडलेली आहे. तेव्हा उपकार मागायला आल्यासारखे त्या खोलीत जाऊ नका.

मात्र एक खबरदारी घ्या. प्रत्येक कडक प्रश्न हा अपमान नसतो. "हे तुम्हाला येत नाही?", "तुमचे गुण इतके कमी का?", "तुमचे उत्तर चुकीचे आहे" असे मीही कित्येकांना विचारले आणि सुनावले आहे. कारखान्यात यंत्र बंद पडले, कामगार चिडले, म्हणजे हा मुलगा डोके शांत ठेवील की नाही, हे मला पाहायचे असे. अशा वेळी येत असेल ते सांगावे, येत नसेल तर "माहीत नाही, शिकून घेईन" म्हणावे आणि मनाला लावून घेऊ नये.

दुसरा प्रकार निव्वळ बेपर्वाईचा. साहेब तुम्ही बोलत असताना फोनवर बोलतात, आपापसांत गप्पा मारतात, चार तास बाहेर बसवून ठेवतात. फोन चालू झाला की तुम्ही थांबा. फोन संपला की सोडलेल्या वाक्यापासून पुढे बोला. तासाभराने खिडकीवर जाऊन, "माझा नंबर साधारण केव्हा लागेल? परतीची गाडी गाठायची आहे", असे विचारण्यात काहीही गैर नाही. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. उपाशी माणसाला राग लवकर येतो, हे अनुभवाने सांगतो.

तिसरा प्रकार म्हणजे कामाशी संबंध नसलेले खासगी प्रश्न आणि टोमणे. "घरात भावंडे किती?" "लग्न कधी करणार?" "हा रुमाल डोक्यावरून काढणार का?" "शुक्रवारी गायब होणार ना?" येथे माझा एकच सल्ला आहे. थोडक्यात उत्तर द्या आणि बोलणे कामावर आणा. "कामाची वेळ मी पूर्ण पाळीन. जुम्याची नमाज दुपारच्या सुटीत होते. या जागेवर पाळ्या कशा असतात, ते सांगाल का?" आवाज चढवायचा नाही आणि मानही खाली घालायची नाही. टोमणा पुन्हा आला, तर एकदाच, शांतपणे विचारा, "साहेब, या प्रश्नाचा कामाशी संबंध मला समजला नाही." बहुतेक ठिकाणी एवढे पुरते, कारण मंडळात एखादा तरी भला माणूस असतो आणि त्याला बोलायला निमित्त हवे असते.

अब्बांच्या त्या वाक्यानंतर मी ठाण्याच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा तेथेही कुवेत निघालेच. या वेळी मी म्हणालो, "गावातले बरेच जण गेले आहेत, साहेब. मी मात्र या जागेसाठी अर्ज केला आहे. हिशेबाचे काम कोणत्या प्रकारचे असेल?" मंडळातले वयस्कर गृहस्थ पुढे सरकले आणि त्यांनी मला घसाऱ्याचा प्रश्न विचारला. पुढची तीस वर्षे मी त्याच कारखान्यात काढली.

आणि चौथा प्रकार. शिवीगाळ, धर्मावरून किंवा जातीवरून उघड अपमान, पैशाची मागणी, मुलीशी असभ्य बोलणे. येथे सबुरी दाखवायची नाही. "आपला आभारी आहे, मी निघतो", असे म्हणून प्रमाणपत्रे उचलावीत आणि बाहेर पडावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवून येऊ नयेत. सब्र म्हणजे काहीही गिळून गप्प बसणे, असा अर्थ आपल्यातल्या काहींनी करून घेतला आहे. राग आवरून योग्य ते करणे, हा सब्र मला जास्त खरा वाटतो.

योग्य ते म्हणजे काय? त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, कोण काय बोलले आणि कोण हजर होते, हे कागदावर लिहून काढा. सरकारी कचेरी असेल तर नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून स्वतःचे मुलाखतीचे गुण मागता येतात. मुलींसाठी 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यासाठी ती बाई तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, म्हणून मुलाखतीला गेलेली उमेदवारही तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. इतरांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धर्मावरून भेदभाव करू नये, हे घटनेचे 16 वे कलम सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी मालकाला तसे बांधणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे तेथे लढाई कठीण आहे, तरीही कंपनीच्या वरिष्ठांना लिहिलेले सभ्य पत्र अगदीच वाया जाते असे नाही. अशी पत्रे माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी त्यांवरून माणसांना जाब विचारला आहे.

न्यायालयांनीही या प्रश्नाकडे पाहिले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. लेखी परीक्षेला 100 गुण आणि तोंडी मुलाखतीला 50. विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न विचारले ते वडील कोण, राहता कोठे असे. अजय हासिया या नावाने गाजलेल्या या खटल्याचा निकाल नोव्हेंबर 1980 मध्ये लागला. एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून जास्त गुण मुलाखतीला ठेवणे अवाजवी आहे, प्रश्न विषयाला धरून असावेत आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण झाले तर बरे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली.

मुलींनो, तुम्हाला एक नाव सांगतो. सी. बी. मुथम्मा. भारतीय परराष्ट्र सेवेत 1949 साली दाखल झालेल्या या बाई. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनी आपल्याला या सेवेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि तोंडी परीक्षेत कमीत कमी गुण मिळावेत म्हणून आपले वजन वापरल्याचे पुढे स्वतःच बोलून दाखवले, असे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नमूद केले. लग्न झाल्यास राजीनामा देईन, असेही त्यांच्याकडून लिहून घेतले होते. तरीही त्या राहिल्या, राजदूत झाल्या आणि बढती डावलली गेली तेव्हा न्यायालयात गेल्या. खटला चालू असताना त्यांना बढती मिळाली. 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्रियांना दुय्यम लेखणाऱ्या त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. मुलाखतीतल्या कमी गुणांनी त्या बाईंची वाट अडली नाही.

आता थोडे कडू बोलतो. माफ करा, पण ही गोष्ट टाळली तर माझे भाषण अर्धेच खरे ठरेल. आपल्याच समाजाच्या एका शिक्षणसंस्थेच्या निवड समितीवर मला बोलावले होते. बरीच वर्षे झाली त्याला. जुलै महिना, धो धो पाऊस. डी. एड. झालेली एक मुलगी आत आली. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी, होय मीच, विचारले, "शाळेतही अशाच येणार का?" सगळे हसले. ती म्हणाली, "पुलावर पाणी होते, साहेब. एसटी अलीकडेच थांबली. पुढचे चालत आले. वेळेवर पोहोचले." त्यानंतर आमच्यापैकी एकाने तिला मोहल्ला विचारला, दुसऱ्याने मामांचे नाव. गणित कसे शिकवाल, हे शेवटी विचारले आणि सर्वांत चांगले उत्तर तिनेच दिले. आम्ही तिला नियुक्तिपत्र पाठवले. ती आली नाही. त्या शाळेच्या मुलांची एक चांगली शिक्षिका माझ्या एका वाक्याने गेली. 1978 सालच्या त्या साहेबांना मी इतकी वर्षे दोष देत होतो, आणि खुर्ची मिळताच मी त्यांच्यासारखाच वागलो.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. बाहेर जी वागणूक आपल्या मुलांना मिळू नये असे वाटते, ती आपल्या दारात कोणाला मिळू देऊ नका. उमेदवाराला वेळ कळवा आणि ती पाळा. बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्या. प्रश्न कामाचेच विचारा. ज्याची निवड झाली नाही त्यालाही दोन ओळींचे पत्र पाठवा. याला फारसा खर्च येत नाही.

शेवटी पालकांना एकच सांगणे. मुलगा किंवा मुलगी मुलाखतीहून उतरलेल्या चेहऱ्याने परत आली, तर "तुलाच बोलता येत नाही" म्हणू नका, आणि "आपल्याला कोण नोकरी देतो" असेही म्हणू नका. पहिल्या वाक्याने मूल स्वतःवर रुसते, दुसऱ्याने जगावर, आणि दोन्हींनी अर्ज लिहिणे थांबते. आधी जेवायला वाढा. काय झाले ते सगळे ऐकून घ्या. तक्रार करण्यासारखे असेल तर लिहायला मदत करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या अब्बांनी ठेवला तसा, पुढच्या जाहिरातीचा कागद त्याच्यासमोर ठेवा.

अल्लाह तुम्हा सर्वांना यश देवो.