छायाचित्रसंग्रहाची प्रत आणि नागरिकाचा हक्क



दिल्लीच्या रिजवर आज जेथे महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे, तेथील हवेली कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव यांच्या नावाने ओळखली जात असे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे ते बंधू. १८५७च्या लढाईत ही हवेली इंग्रज फौजेचे मोक्याचे ठाणे बनली व तोफांच्या माऱ्याने जर्जर झाली. १८५८ मध्ये फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने तिचे छायाचित्र घेतले. त्या काळी काचेच्या निगेटिव्हवरून कागदी प्रती काढून त्या अल्बममध्ये चिकटवीत. बिआटोच्या प्रती निरनिराळ्या संग्रहांत विखुरल्या. त्यामुळे एखादा अल्बम नष्ट झाला तरी चित्र नष्ट होण्याची भीती उरली नाही.

आजच्या अल्बमची स्थिती नेमकी उलट आहे. छायाचित्रे हजारो असतात, पण ती बहुधा एकाच कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २००६ मध्ये सुरू झालेली पिकासा वेब अल्बम ही सेवा २०१६ मध्ये आटोपती घेण्यात आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या फ्लिकरची मालकी २०१८ मध्ये बदलली आणि २०१९ पासून विनामूल्य खात्यांना १००० छायाचित्रांची मर्यादा लागू झाली. अशा वेळी एकेक चित्र उतरवून घेणे अशक्यप्राय असते. संपूर्ण अल्बम संगणकावर उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज येथेच निर्माण होते.

असे सॉफ्टवेअर संकेतस्थळाने खुल्या ठेवलेल्या जोडणीतून प्रथम अल्बमची यादी मागविते, नंतर प्रत्येक चित्राचा पत्ता मिळवून ते क्रमाने उतरविते. संपर्क तुटल्यास राहिलेल्या चित्रांपासून पुन्हा सुरुवात करण्याची सोय चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. येथे तीन गोष्टींकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. पहिली, चित्र मूळ आकारात मिळते की लहान केलेले. दुसरी, शीर्षक, दिनांक व स्थळ ही माहिती सोबत येते की मागे राहते. कारण माहितीविना चित्र इतिहासाच्या दृष्टीने मुके ठरते. तिसरी, परवानगी कशी घेतली जाते. वापरकर्त्याला संकेतस्थळाच्याच प्रवेशपानावर नेऊन मर्यादित परवानगी घेणारी पद्धत सुरक्षित होय. थेट पासवर्ड मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूर राहणेच हिताचे.

तंत्राइतकाच कायद्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. इतरांची चित्रे उतरविता येतात म्हणून ती वापरण्याचा अधिकार मिळत नाही. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्रावरील अधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या चित्रांबाबत प्रश्न निराळा आहे. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीच्या विसाव्या अनुच्छेदाने स्वतःची माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळविण्याचा व दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकातही माहिती अशी स्थलांतरित करण्याचा हक्क होता. तथापि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात त्याचा समावेश झाला नाही. माहिती जाणून घेण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे; ती सोबत घेऊन जाण्याचा नाही.

म्हणजेच, अल्बम परत मिळण्याची सोय भारतीय नागरिकासाठी आजही बव्हंशी कंपनीच्या धोरणावर अवलंबून आहे. गूगलने २०११ मध्ये टेकआउट ही सोय दिली, ऑर्कुट बंद झाल्यावरही तिच्याद्वारे चित्रे काही काळ मिळत राहिली. परंतु सोय आणि हक्क यांत अंतर असते. सोय देणारा ती काढूनही घेऊ शकतो. गावची जत्रा, शाळेचे संमेलन, पाडलेला वाडा यांची चित्रे आज सामान्य माणसांच्या खात्यांतच आहेत. उद्याच्या स्थानिक इतिहासाची ती साधने होत. त्यांची एक प्रत घरच्या संगणकावर व दुसरी अन्यत्र ठेवणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. त्या प्रतीवरील हक्काला कायद्याचा आधार देणे, हे मात्र संसदेचे काम आहे.