मोटार मोडीत निघाली, पण नोंदणीचे काय?



कोलशेतच्या नव्या वसाहतींच्या आवारात वर्षानुवर्षे न हललेल्या, धूळ खात पडलेल्या मोटारी आपण रोज पाहता. एके दिवशी भंगारवाला येतो, रोख रक्कम देतो, गाडी ओढून नेतो. आणि मालकाला वाटते, सुटलो! वस्तुतः गाडी गेलेली असते, परंतु परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ती त्याच्याच नावावर उभी असते.

ही नोंद किती बोलकी असते ते पाहा. मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर वरळीला बेवारस सापडलेल्या एका मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोहोचले. तपास प्रथम नोंदणीकृत मालकाच्याच दारी येतो. भरपाईचेही तसेच आहे. गाडी पुढे अनेक हातांत गेली, तरी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात 2018 साली दिला. भंगारात दिलेली गाडी कोणी दुरुस्त करून रस्त्यावर आणली, तर काय ओढवेल याची कल्पना यावरून करावी.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 55 अन्वये वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने 14 दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, आपण राहतो त्या क्षेत्राच्या नोंदणी प्राधिकाऱ्यास तसे कळवून नोंदणी प्रमाणपत्र पाठवावयाचे असते. समजा, गाडीची नोंदणी कल्याणची, म्हणजे एमएच-05 ची आहे आणि मालक आता कोलशेतला राहतो. त्याने ठाण्याच्या कार्यालयास कळवावे. तेथून कागद मूळ नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे जातात.

केंद्र शासनाच्या 2021 च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांची व्यवस्था झाली आहे. गाडीची नोंदणी कोठलीही असो, ती अशा केंद्रात देता येते. मात्र त्यापूर्वी कर व दंडाची थकबाकी फेडावी. गाडी कर्जाऊ घेतलेली असल्यास बँकेची सही असलेला नमुना 35 देऊन कर्जाची नोंद उतरवून घ्यावी. कर्ज फिटले म्हणजे ही नोंद आपोआप जाते, असा अनेकांचा गैरसमज असतो. गाडी चोरीची नाही ना, हे केंद्र नोंदींवरून पडताळून पाहते. गाडी ताब्यात घेतल्यावर केंद्र ठेव प्रमाणपत्र देते, आणि प्रत्यक्ष मोडणीनंतर मोडणी प्रमाणपत्र. ही दोन निरनिराळी कागदपत्रे आहेत. पहिल्याच्या आधारे नव्या वाहनाच्या नोंदणी शुल्कात व करात सवलत मागता येते. केंद्रीय नियमांत करसवलतीची मर्यादा खाजगी वाहनास 25 टक्के व वाहतूक वाहनास 15 टक्के आहे. राज्यातील प्रत्यक्ष दर परिवहन कार्यालयातून समजून घ्यावा. दुसरे प्रमाणपत्र नोंदणी रद्द होण्याचा आधार होय. ते हाती पडल्यावर नोंदणी खरोखर रद्द झाली की नाही, हे मालकाने स्वतः तपासावे आणि विमा कंपनीसही कळवावे.

अधिकारी व पंचायत सदस्य मित्रांना एक विशेष विनंती. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. महानगरपालिका, नगरपालिका व पंचायती यांची वाहनेही या नियमात येतात. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या खास वाहनांचा तेवढा अपवाद आहे. तेव्हा कार्यालयामागे गंजत पडलेली जीप जडसंग्रह नोंदवहीतून कमी करताना तिचे मोडणी प्रमाणपत्र त्याच नस्तीत लावावे. शिक्षकांनीही शाळेच्या जुन्या बसबाबत व्यवस्थापनास याची आठवण द्यावी.

गाडी घेताना आपण प्रत्येक कागद दोनदा पाहतो. ती देताना तेवढीच दक्षता घेतली, तर आपल्या नावाने दुसऱ्या कोणाची चाके रस्त्यावर धावणार नाहीत.